कादंबरीचे न्याय्य परीक्षण : निकष, क्रम आणि जबाबदारी

कादंबरी वाचून झाल्यावर ती आवडली किंवा आवडली नाही असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक वाचकाला आहे. त्यासाठी कारणे देण्याचे बंधन त्याच्यावर नसते. परंतु तोच वाचक नियतकालिकात परीक्षण लिहितो, पुरस्कार-समितीवर बसून पुस्तकांचा क्रम लावतो किंवा अभ्यासमंडळाचा सदस्य म्हणून एखादी कादंबरी अभ्यासक्रमासाठी सुचवतो, तेव्हा त्याच्या आवडीचे रूपांतर निर्णयात होते. या निर्णयाचे परिणाम इतरांवर होतात. ग्रंथालयाची खरेदी, पुढील आवृत्तीची शक्यता, विद्यार्थ्यांच्या हाती पडणारे पुस्तक आणि काही वेळा लेखकाचे पुढील लेखनही त्यावर अवलंबून असते. म्हणूनच परीक्षणात न्याय्यतेचा प्रश्न उपस्थित होतो. कादंबरीचे परीक्षण न्याय्य केव्हा म्हणता येईल, त्यासाठी परीक्षकाला कोणता क्रम पाळावा लागतो आणि कोणत्या ठिकाणी त्याची वाट चुकते, याचा विचार मराठी कादंबरीतील काही उदाहरणांच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभीच 'न्याय्य' या शब्दाविषयीचे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. न्याय्य म्हणजे तटस्थ, म्हणजेच कोणतीही भूमिका न घेणारे, हा पहिला गैरसमज होय. भूमिकेशिवाय मूल्यमापन संभवतच नाही. न्याय्य म्हणजे सौम्य, हा दुसरा गैरसमज. चार गुण आणि दोन दोष सांगून 'एकंदरीत कादंबरी वाचनीय आहे' असा समारोप करणारी परीक्षणे या समजुतीतून निर्माण होतात. त्यांत गुणदोषांचा ताळेबंद असतो, निर्णय नसतो. चांगल्या कादंबरीला सामान्य कादंबऱ्यांच्या रांगेत बसवणे हाही अन्यायच आहे, आणि सौम्य परीक्षण तो अन्याय नित्य करीत असते.

१. निकषांचा इतिहास

मराठी कादंबरीच्या मूल्यमापनाचे निकष स्थिर राहिलेले नाहीत, ही बाब परीक्षकाने प्रथम ध्यानात घ्यावी. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' (१८५७), लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' (१८७१) या कादंबऱ्या अवघ्या पंधरा वर्षांच्या आत निर्माण झाल्या. एकीचा उद्देश सामाजिक, दुसरीचा अद्भुतरम्य आणि तिसरीचा ऐतिहासिक. पुढे १८७२ मध्ये का. बा. मराठे यांनी नावल व नाटक यांविषयी निबंध लिहून या नव्या वाङ्मयप्रकाराचा तात्त्विक विचार आरंभिला. म्हणजे वाङ्मयप्रकार आणि त्याची चिकित्सा ही जवळजवळ बरोबरीनेच वाढली.

त्यानंतर निकष बदलत गेले. बोधपरता आणि नीती यांना प्रारंभीच्या काळात असलेले महत्त्व पुढे वास्तवाच्या प्रत्ययाकडे वळले. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन' (१९३१) नंतर रचनातंत्राची भाषा परीक्षणात रूढ झाली. कथानकाची गुंफण, उत्कंठा, प्रारंभ आणि शेवट यांचे कौशल्य हे प्रमुख निकष ठरले. कलावाद आणि जीवनवाद यांच्या संघर्षात याच निकषांना आव्हान मिळाले. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराने चर्चेची पातळी बदलली. १९६० नंतर दलित साहित्याच्या चळवळीने अनुभवाच्या अस्सलतेचा आणि बांधिलकीचा प्रश्न उभा केला. भालचंद्र नेमाडे यांच्या 'टीकास्वयंवर' (१९९०) मधील लेखनाने देशीयतेचा आणि कादंबरीतील प्रवृत्तींचा विचार पुढे आणला.

या इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. प्रत्येक निकषाने काही कादंबऱ्या प्रकाशात आणल्या आणि काही झाकून टाकल्या. केवळ तंत्राच्या निकषाने व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) मोजली तर ती प्रसंगांची सैल मालिका वाटेल. केवळ बांधिलकीच्या निकषाने खानोलकरांची 'कोंडुरा' (१९६६) हाताला लागणार नाही. म्हणून आपल्या हातातील निकष कोणत्या काळात आणि कोणत्या प्रकारच्या कादंबरीवरून घडला, याची जाणीव ठेवणे हा न्याय्यतेचा पहिला अंश होय.

२. चार प्रकारचे भावक

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्याचा आस्वाद घेणाऱ्या भावकांचे चार प्रकार सांगितले आहेत : अरोचकी, सतृणाभ्यवहारी, मत्सरी आणि तत्त्वाभिनिवेशी. सुमारे अकराशे वर्षांपूर्वीची ही विभागणी कादंबरीच्या आजच्या परीक्षकालाही लागू पडते.

अरोचकी म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही असा. त्याची नापसंती पुस्तकापूर्वीच तयार असते. 'मराठीत कादंबरीच नाही' अशा सर्वसाधारण विधानाने तो आरंभ करतो, आणि हातातील कादंबरी त्या विधानाचे आणखी एक उदाहरण ठरते. सतृणाभ्यवहारी म्हणजे गवतासकट सर्व काही गिळणारा. त्याला प्रत्येक कादंबरी 'मैलाचा दगड' वाटते. मत्सरी भावकाला गुण दिसतात, पण ते त्याच्या तोंडून बाहेर पडत नाहीत. तत्त्वाभिनिवेशी तेवढा रचनेच्या आत शिरून तिचे मर्म ओळखतो, आणि असा भावक हजारांत एखादाच, असे राजशेखराचे म्हणणे आहे.

या विभागणीचे महत्त्व असे की पहिले तीनही दोष ज्ञानाच्या अभावाचे नाहीत, वृत्तीचे आहेत. अरोचकी आणि मत्सरी हे पुष्कळदा व्युत्पन्न असतात. शिवाय एकच परीक्षक वेगवेगळ्या पुस्तकांपुढे वेगवेगळा भावक ठरू शकतो. समकालीन प्रतिस्पर्ध्यापुढे मत्सरी, शिष्यापुढे सतृणाभ्यवहारी आणि अपरिचित लेखकापुढे अरोचकी. म्हणून वृत्तीला आवर घालील असा एक वाचनक्रम परीक्षकाने पाळणे इष्ट ठरते.

३. कादंबरीने काय अंगीकारले आहे?

या क्रमातील पहिली पायरी म्हणजे कादंबरीने स्वतः कोणते कार्य अंगीकारले आहे, हे निश्चित करणे. गटेने मान्झोनीच्या नाटकाच्या निमित्ताने विधायक टीकेचे तीन प्रश्न सांगितले होते. लेखकाने काय योजिले, ते योजणे सयुक्तिक होते काय, आणि ते कितपत सिद्धीस गेले? अमेरिकन कादंबरीकार जॉन अपडाइक यानेही परीक्षणाचे नियम सांगताना लेखकाने जे करू इच्छिलेच नाही त्याबद्दल त्याला दोष देऊ नये, याला पहिले स्थान दिले.

येथे एक आक्षेप संभवतो. विम्सट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाच्या हेतूवरून कृतीचे मूल्य ठरवणे हा तर्कदोष असल्याचे प्रतिपादन केले होते. हा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे हेतूचा शोध लेखकाच्या मनोगतात, मुलाखतीत किंवा मलपृष्ठावरील मजकुरात न घेता संहितेतच घ्यावा लागतो. निवेदक कोण आहे, काळ कसा हाताळला आहे, कशावर पाने खर्च झाली आहेत आणि काय एका वाक्यात उरकले आहे, यांवरून कादंबरीचा अंगीकार कळतो.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) हे याचे बोलके उदाहरण आहे. पारंपरिक निकषांनी पाहिल्यास तिच्यावर तीन आरोप सहज करता येतात. कथानक नाही, नायक काही करीत नाही, आणि शेवट कोठेच पोहोचत नाही. या तिन्ही विधानांत तथ्य आहे. प्रश्न एवढाच की ती दोषाची विधाने आहेत की वर्णनाची? खानदेशातील सांगवी येथून पुण्यास शिकायला आलेल्या, परीक्षेत अपयशी होऊन गावी परतणाऱ्या पांडुरंग सांगवीकराचे हे प्रथमपुरुषी निवेदन आहे. त्यात दैनंदिनीच्या नोंदी आहेत, गंभीर इतिहासकथनाची थट्टा आहे, आणि धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूनंतरचा शोकही आहे. कृती करून जग बदलणारा नायक ही कल्पनाच या कादंबरीने बाजूला सारली आहे. तिच्याकडे गुंफलेले कथानक मागणे म्हणजे न दिलेल्या वचनाच्या भंगाबद्दल दोष देणे होय.

परंतु येथेच थांबणारे परीक्षण अर्धवट राहते. अंगीकार समजून घेणे म्हणजे कादंबरीला अभयदान देणे नव्हे. उलट त्यामुळे अधिक नेमके आणि अधिक कठीण प्रश्न विचारता येतात. पांडुरंगाच्या उपरोधापासून कादंबरी स्वतः काही अंतर राखते काय, की त्याच्या दृष्टीलाच अंतिम मानते? दैनंदिनीच्या तुटक नोंदींतून रितेपणाचा प्रत्यय येतो, की काही ठिकाणी केवळ पुनरावृत्ती होते? मनीच्या मृत्यूने जे गांभीर्य निर्माण होते ते पुढील भागात मुरते, की तो प्रसंग एकटाच उंच राहतो? या प्रश्नांची उत्तरे देताना दोन न्यायबुद्धीच्या परीक्षकांत मतभेद होऊ शकतो. मात्र तो मतभेद 'कोसला'विषयीचा असेल. 'कथानक नाही' हा आरोप कादंबरीविषयीच्या पूर्वकल्पनेचा असतो.

४. निवेदक आणि लेखक

प्रथमपुरुषी निवेदनाच्या कादंबऱ्यांत आणखी एक गल्लत होते. पात्राचे मत हेच लेखकाचे मत मानले जाते. वेन बूथ याने १९६१ च्या आपल्या ग्रंथात निवेदक आणि कृतीतून सूचित होणारा लेखक यांतील अंतराची मीमांसा केली, तेव्हापासून हा भेद सिद्धान्त म्हणून सर्वपरिचित आहे. प्रत्यक्ष परीक्षणात मात्र त्याचे विस्मरण पुनःपुन्हा होते.

भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका' (१९६५) वर आचार्य अत्रे यांनी अश्लीलतेच्या मुद्द्यावर प्रखर हल्ला चढवला होता. नाक्यावरच्या बेकार पोरांची भाषा आणि त्यांची स्त्रीविषयक दृष्टी या पुस्तकात कोणताही मुलामा न देता आली आहे. नैतिक प्रश्न परीक्षणात येऊच नये, असे म्हणणे योग्य नाही. साहित्याच्या मूल्यमापनातून नीती हद्दपार करण्याचा आग्रह हाही एक पूर्वग्रहच आहे. परंतु नैतिक प्रश्न योग्य ठिकाणी विचारला पाहिजे. पात्रे अशी का बोलतात, हा तो प्रश्न नव्हे. त्यांच्या बोलण्याकडे कृती कोणत्या दृष्टीने पाहते, पोक्याच्या निवेदनातील बेफिकिरीखाली एखादी पोकळी वाचकाला जाणवते काय, आणि ज्या स्त्रिया त्यांच्या बोलण्याचा विषय होतात त्यांना कृतीत स्वतःचे असे काही अस्तित्व मिळते काय, हे खरे नैतिक प्रश्न होत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल आले, तर परीक्षकाने ते अवश्य लिहावे. तो आक्षेप शब्दांवरचा नसून दृष्टीवरचा असेल.

याच गल्लतीचे दुसरे रूप म्हणजे कृतीऐवजी लेखकाच्या खाजगी आयुष्याचे परीक्षण. मालतीबाई बेडेकर यांनी विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) हा कथासंग्रह आणि 'हिंदोळ्यावर' (१९३४) ही कादंबरी प्रसिद्ध केली, तेव्हा वाचकांत खळबळ उडाली आणि ही विभावरी कोण, या शोधाला साहित्यविचारापेक्षा अधिक महत्त्व आले. स्त्रीने लिहिलेले ते आत्मचरित्रच असणार, हे गृहीत त्यामागे होते. पुरुष लेखकाच्या बाबतीत ज्याला कल्पनाशक्ती म्हटले जाते, त्यालाच लेखिकेच्या बाबतीत कबुलीजबाब म्हणणे हा निकषातील पक्षपात होय. आपला निकष दोघांना सारखाच लागू होतो काय, हे पाहण्याची साधी कसोटी अशी : हेच पुस्तक दुसऱ्या नावाने आले असते तर हेच वाक्य लिहिले गेले असते काय?

५. अपरिचित अनुभव आणि दुहेरी अन्याय

परीक्षकाचे अनुभवविश्व आणि कादंबरीचे अनुभवविश्व यांत मोठे अंतर असते, तेव्हा न्याय्यतेची सर्वांत कठीण परीक्षा होते. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) मधील पात्रे वऱ्हाडी बोलतात. ही बोली न जाणणाऱ्या वाचकाला आरंभीची पाने सावकाश वाचावी लागतात. 'भाषा दुर्बोध आहे' असे त्याने लिहिले तर ते विधान वाचकाविषयीचे असते, कादंबरीविषयीचे नव्हे. विदर्भातील वाचकाला पेंडशांच्या कोकणी वातावरणाशी जुळवून घ्यावे लागते. तेवढाच प्रयास मुंबई-पुण्याच्या वाचकाने वऱ्हाडीसाठी करावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

ग्रामीण आणि दलित जीवनावरील कादंबऱ्यांना असा पहिला अन्याय सोसावा लागला. शहरी मध्यमवर्गीय जीवनातून घडलेले सूक्ष्म मनोविश्लेषण, संयत भाषा आणि नाट्याचा संकोच हे निकष सार्वत्रिक मानले गेले. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' (१९५९) चे उदाहरण घ्यावे. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणाऱ्या आणि इंग्रजी सत्तेशी झुंजणाऱ्या मांग वीराची ही कथा पोवाड्याच्या आणि लोककथेच्या परंपरेशी नाते सांगते. तिचा नायक भव्य आहे, प्रसंग ठळक आहेत, भावना उघड आहेत. मनोविश्लेषणात्मक कादंबरीचा निकष लावून तिला 'भडक' ठरवणे म्हणजे शाहिराकडून आत्मचिंतनाची अपेक्षा करण्यासारखे आहे.

पण या अन्यायाची जाणीव झाल्यावर दुसरा, अधिक सभ्य दिसणारा अन्याय सुरू झाला. 'अनुभव अस्सल आहे' एवढे म्हणून परीक्षण संपवण्याची रीत पडली. अनुभवाच्या वेदनेपुढे रचनेची चर्चा करणे जणू असंस्कृतपणाचे वाटू लागले. यात आदर दिसतो, पण मूळ भाव दयेचा असतो. अशा परीक्षणात लेखक हा साक्षीदार ठरतो, कलावंत ठरत नाही. त्याच्या निवडींची दखल घेतली जात नाही. म्हणजे त्याने विचारपूर्वक काही निवडले असेल, हेच मान्य केले जात नाही. सवलतीचे गुण देणे हे गुण नाकारण्याइतकेच अपमानकारक आहे.

'धग'ची गंभीर दखल घ्यायची तर कौतिकची कहाणी किती करुण आहे, एवढे सांगून भागणार नाही. तिच्यावर येणारी संकटे दारिद्र्य, नवऱ्याचा नाकर्तेपणा आणि गाव बदलल्याने तुटलेला आधार यांतून अपरिहार्यपणे येतात, की लेखक ती एकामागून एक आणून ठेवतो? या प्रश्नाचा शोध घेताना कादंबरीतील कार्यकारणभाव प्रसंगागणिक तपासावा लागतो. मग कौतिकचा कर्तेपणा आणि तिचा पराभव ही एकाच स्वभावाची दोन अंगे कशी आहेत, हे दिसू लागते. येथे श्री. ना. पेंडसे यांच्या 'रथचक्र' (१९६२) शी तुलना उपयुक्त ठरते. दोन्ही कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी मुलाच्या शिक्षणासाठी झगडणारी आई आहे. परंतु एकीकडे एकत्र कुटुंबातील उपेक्षा आहे, तर दुसरीकडे पोटाचाच प्रश्न आहे. अशा तुलनेत 'धग'ला तिच्या प्रदेशाबद्दल सूट द्यावी लागत नाही. ती बरोबरीने उभी राहते, आणि हाच तिचा खरा सन्मान होय.

६. लोकप्रियता

लोकप्रियता हा गुण नव्हे आणि दोषही नव्हे. ती एक घटना आहे, आणि परीक्षकाला तिचे कारण शोधता येते. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली आणि तिला १९६४ चा साहित्य अकादेमी पुरस्कारही लाभला. विद्यापीठीय वर्तुळात तिच्याविषयी दोन ठरीव प्रतिक्रिया आढळतात. एक निःशेष कौतुकाची, दुसरी नाक मुरडण्याची. दोन्हींत पुस्तक पुन्हा उघडण्याची गरज भासत नाही.

न्याय्य परीक्षक येथे प्रश्नांची विभागणी करील. माधवराव पेशव्यांची कारकीर्द १७६१ ते १७७२ अशी अकरा वर्षांची, आणि तिचा शेवट थेऊर येथील अकालमृत्यूत व रमाबाईंच्या सहगमनात झाला, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. म्हणजे उत्कंठेचे साधन लेखकाच्या हाती नाही. तरीही वाचक ओढला जातो, याचे श्रेय राज्यकर्त्याची कर्तव्यकठोरता आणि पतिपत्नींचे नाते या दोन पदरांच्या विणीला द्यावे लागेल. त्याबरोबरच भाषेतील सततचा भारदस्तपणा पात्रांच्या स्वभावभेदांना पुसट करतो काय, आणि सहगमनाच्या प्रसंगाभोवती निर्माण केलेले उदात्ततेचे वलय त्या रूढीविषयीचा विचारच थांबवते काय, हेही विचारले पाहिजे. पहिल्या उत्तरामुळे दुसरे उत्तर रद्द होत नाही. कादंबरीची पकड मान्य करून तिच्या दृष्टीशी असहमत होता येते.

७. परीक्षणातील पुरावा

परीक्षकाचा निर्णय वाचकाला तपासून पाहता आला पाहिजे. 'व्यक्तिचित्रण प्रभावी आहे', 'भाषा ओघवती आहे', 'शेवट मनाला चटका लावतो' ही विधाने कोणत्याही कादंबरीविषयी करता येतात. म्हणूनच ती कोणत्याही कादंबरीविषयी काही सांगत नाहीत. प्रत्येक महत्त्वाच्या विधानामागे एखादा प्रसंग, निवेदनातील एखादे वळण किंवा भाषेचा नमुना असावा. उतारा निवडताना तो प्रातिनिधिक आहे काय, हे पाहावे. चारशे पानांच्या कोणत्याही कादंबरीत चार दुबळी वाक्ये सापडतात, आणि त्यांच्या बळावर ती हास्यास्पद ठरवता येते. मुद्रणदोषांची जबाबदारी लेखकावर ढकलू नये.

कथासार किती द्यावे, याचाही विचार हवा. विधान समजण्यापुरते कथानक सांगावे. रहस्यावर उभ्या असलेल्या कादंबरीचे रहस्य फोडू नये. मात्र शेवटच सदोष असेल, तर तो उघड न करता दोषाचे स्वरूप सांगण्याचे कौशल्य परीक्षकाजवळ असावे लागते. परीक्षणाचा निम्म्याहून अधिक भाग कथासाराने व्यापला असेल, तर परीक्षकाने आपले काम टाळले आहे असे समजावे.

८. गुणांकनाचा प्रश्न

वृत्तपत्रांतील तारांकन, पुरस्कार-समितीतील गुण किंवा मित्रमंडळीतील 'दहापैकी किती' हा प्रश्न, ही सर्व एकाच प्रक्रियेची रूपे आहेत. अभ्यासकाने तिला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. समितीला शेवटी एक पुस्तक निवडावेच लागते. मात्र आकड्याची मर्यादा ओळखली पाहिजे.

उत्तरपत्रिकेप्रमाणे कथानकाला वीस, व्यक्तिचित्रणाला वीस, भाषेला वीस असे गुण वाटून बेरीज करण्याची पद्धत वस्तुनिष्ठ भासते, पण ती मुळातच अन्यायकारक आहे. सर्व कादंबऱ्यांत तेच घटक त्याच प्रमाणात असतात, असे ती गृहीत धरते. या कोष्टकात 'कोसला' कथानकाच्या रकान्यात नापास होईल, आणि बेताची पण सर्व रकाने भरणारी कादंबरी तिच्या पुढे जाईल. विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' (१९३९) छोटेखानी आहे म्हणून तिचे 'अनुभवविश्व मर्यादित' ठरेल. वास्तविक युरोपातून हिंदुस्थानकडे येणाऱ्या एका बोटीवर, मोजक्या दिवसांत, महायुद्धाच्या छायेतील माणसांचे तुटलेपण तिने सामावले आहे.

त्यापेक्षा श्रेणींना शब्दांत अर्थ देणे अधिक सयुक्तिक आहे. सर्वांत खालची श्रेणी अशा कादंबरीला द्यावी, जिने अंगीकारलेले कार्यच तिच्या हातून निसटले आहे. जिने ते अंशतः साधले पण महत्त्वाच्या ठिकाणी सोपी वाट धरली, ती दुसऱ्या श्रेणीत येईल. जिने अंगीकारलेले कार्य नीट पार पाडले तिला मधली श्रेणी द्यावी, आणि ही श्रेणी अपमानास्पद मानू नये. चौथी श्रेणी पुनर्वाचनात अधिक देणाऱ्या कादंबरीची. पाचवी श्रेणी त्या विरळ कादंबरीसाठी राखावी, जिच्यामुळे या वाङ्मयप्रकाराच्या शक्यताच वाढतात. अशा श्रेणीत आकडा हा विधानाचा संक्षेप असतो, विधानाचा पर्याय नसतो.

तुलना करताना प्रथम सजातीय कृतींशी करावी. 'स्वामी' शेजारी विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) ठेवून पाहिल्यावर ऐतिहासिक कादंबरीच्या दोन भिन्न वाटा दिसतात, आणि त्यानंतरच व्यापक क्रमवारीचा विचार करावा. समितीसाठी लागोपाठ अनेक कादंबऱ्या वाचताना वाचनाच्या क्रमाचाही परिणाम होतो. दुबळ्या पुस्तकानंतर आलेले बरे पुस्तक उत्तम वाटते, आणि थकलेल्या मनाला संथ कादंबरी कंटाळवाणी वाटते. म्हणून अंतिम निर्णयापूर्वी वरच्या आणि सीमारेषेवरच्या कादंबऱ्या वेगळ्या क्रमाने पुन्हा चाळणे, आणि दिलेल्या श्रेणीमागील कारण दोन ओळींत लिहून ठेवणे, एवढी शिस्त तरी पाळावी.

९. परीक्षकाचे हितसंबंध

मराठीचे साहित्यविश्व विस्ताराने मोठे असले तरी त्यातील लिहिणाऱ्यांचे वर्तुळ लहान आहे. परीक्षक आणि लेखक हे गुरुशिष्य, सहकारी, एकाच प्रकाशकाचे लेखक किंवा एकाच समितीचे सदस्य असण्याचा संभव नेहमीच असतो. प्रकाशन-समारंभात केलेले भाषण पुढे परीक्षण म्हणून छापले जाते, आणि वाचकाला त्याचे मूळ कळत नाही.

यावर निनावी परीक्षण हा एक उपाय सुचवला जातो. लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'ने १९०२ पासून दीर्घकाळ तो अवलंबिला, आणि १९७४ मध्ये परीक्षकांची नावे देण्यास आरंभ केला. निनावीपणामुळे मोकळेपणा मिळतो, पण त्याच आडोशाने मत्सरी भावकही वावरतो. नाव देण्यात संकोच आहे, पण उत्तरदायित्वही आहे. मराठीसारख्या परिचितांच्या वर्तुळात दुसरा मार्ग अधिक हितकर ठरतो, मात्र त्याला एक जोड हवी. निकटचा संबंध असल्यास परीक्षण नाकारावे, किंवा तो संबंध पहिल्याच परिच्छेदात सांगावा. वाचकाला संबंध माहीत असला की तो मताचे वजन स्वतः ठरवू शकतो.

१०. समारोप

वरील विवेचनावरून न्याय्य परीक्षणाचा क्रम असा सांगता येईल. प्रथम संहितेच्या आधारे कादंबरीचा अंगीकार निश्चित करावा. नंतर तिचे वर्णन असे करावे, की ती नावडलेल्या आणि आवडलेल्या दोन्ही वाचकांना ते मान्य व्हावे. त्यानंतर तो अंगीकार कितपत सिद्ध झाला हे पुराव्यासह तपासावे. शेवटी तो अंगीकार कितपत मोलाचा होता, तिची जीवनदृष्टी मराठी कादंबरीच्या आणि माणसाच्या जगण्याच्या संदर्भात काय देते, याचा निर्णय द्यावा. पहिल्या तीन पायऱ्या गाळून चौथीवर उडी घेतली तर मत्सर किंवा भक्ती हाती येते. पहिल्या तिन्हींवर थांबून चौथी टाळली तर निरुपद्रवी परिचय हाती येतो.

हा क्रम पाळूनही परीक्षकाचा निर्णय चुकू शकतो. पुढील पिढी तो बदलू शकते, आणि निकषांचा इतिहास तेच सांगतो. परंतु न्याय्य परीक्षण चुकले तरी उपयोगी पडते, कारण त्यात निर्णयाची कारणे आणि पुरावे नोंदवलेले असतात. नंतरच्या वाचकाला ते दुरुस्त करता येतात. वर्गात कादंबरी शिकवणाऱ्या अध्यापकाच्या दृष्टीने याचे महत्त्व विशेष आहे. विद्यार्थ्याने अध्यापकाचे मत उचलावे, यापेक्षा त्या मतापर्यंत पोहोचण्याची वाट त्याला दिसावी आणि तिच्यावरून चालत तो वेगळ्या मतापर्यंतही पोहोचू शकावा, यातच साहित्याच्या अध्यापनाची सार्थकता आहे.